तट्ट्यापलीकडचा निरोप

एकाने दुसऱ्याला काय सांगितलं ते इंग्रजीत तिसऱ्याला कसं सांगायचं, हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला. 'नॅरेशन' म्हणत त्याला. पोरांना नुसत्या नावानेच घाम फुटायचा. अवतरणचिन्हं काढायची, 'सेड टु'चं 'टोल्ड' करायचं, 'मी'चा 'तो' करायचा, 'आज'चा 'त्या दिवशी' करायचा आणि बोलणाऱ्याला एक पाऊल मागे सारायचं. एवढं जमलं की वाक्य बरोबर. बोलणारा माणूस त्यात उरला की नाही, हे परीक्षेत कोणी विचारत नसे. मीही कधी विचारलं नाही. त्या धड्यातल्या एका वाक्याने मात्र जन्मभर माझा पिच्छा पुरवला. ते वाक्य पुस्तकातलं नव्हतं. मीच ते दुसरबीडहून उचलून आणलं होतं.

मी मूळचा बीबी गावचा. नोकरी देऊळगाव राजाला, इंग्रजी शाळेत. शाळा म्हणजे कोणा व्यापाऱ्याची जुनी कापसाची वखार. लांबलचक एकच दालन होतं, त्यात बांबूचे तट्टे उभे करून वर्ग पाडलेले. नागपूरहून इमारतीला मंजुरी येणार, असं मी रुजू झालो त्या दिवशी ऐकलं आणि पुढे दरवर्षी ऐकत राहिलो. तट्ट्याच्या अलीकडे माझा इंग्रजीचा वर्ग, पलीकडे मराठीचे मास्तर. इकडची शिंक तिकडे ऐकू जायची.

मराठीचे मास्तर माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे होते. अक्षर असं, की फळा पुसताना पोरांचा हात अडखळायचा. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि येत नाही याची लाजही नव्हती. तुमच्या वर्गात शिकवणं कमी आणि बोंब जास्त, असं ते मला मधल्या सुट्टीत चिडवत. मी म्हणायचो, तुमच्या वर्गात तर पोरं झोपा काढतात, तेवढीच त्यांना आमच्या बोंबेने जाग येते. रोज एकत्र चहा घ्यायचो आम्ही. पण घरचा विषय त्यांनी कधी काढला नाही. आईवडील लवकर गेलेले, एक धाकटी बहीण, तिला यांनीच वाढवलं आणि दुसरबीडला दिली, एवढं मला ठाऊक होतं. तेही दुसऱ्यांकडून.

बोंब खोटी नव्हती. वाक्य फळ्यावर लिहायचं आणि चाळीस पोरांकडून एका सुरात म्हणून घ्यायचं, अशी माझी रीत. घंटा झाली आणि मला यायला उशीर असला, तर वर्गातला हुशार पोरगा आधीच्या दिवसाची वाक्यं सुरू करून द्यायचा. पण वाक्यं कुठली घ्यायची, यात माझं स्वतःचं डोकं होतं. पुस्तकात राजा सैनिकांना काहीतरी सांगे, नाहीतर कोणी साहेब आपल्या माळ्याला. आमच्या पोरांनी ना राजा पाहिला ना माळी ठेवणारा साहेब. म्हणून मी बाजारातली वाक्यं आणायचो. जालन्याच्या वाटेवर निजामाच्या हद्दीचा नाका होता. तिथला शिपाई गाडीवानाला म्हणाला, गाठोडं सोड. कासाराने बाईला सांगितलं, हात सैल ठेव. कुठे काही कानावर पडलं की मी ते खिशातल्या वहीत टिपून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर इंग्रजीत उभं राहायचं. पोरं खूश असायची. मला या युक्तीचा भारी गर्व होता.

महिन्यातून एकदा मी बीबीला जायचो आणि रविवारच्या मोटारीने परत यायचो. मोटार दुसरबीडला थांबायची, तिच्या पोटात पाणी ओतायला. तेवढ्यात उतारूही पाणी पिऊन घेत. मास्तरांच्या बहिणीचं सासर रस्त्यालगतच होतं. जमीनजुमला असलेलं, मानपानाचं घर. तिच्या भावाच्या शाळेतला म्हणून मला तिथे ओसरीवर बसवत आणि गुळाचा खडा अन् पाणी देत.

त्या आषाढातल्या रविवारी पाणी घेऊन ती स्वतः आली. एरवी घरातलं एखादं पोर यायचं. सातवा महिना असावा, कळतच होतं. सासू आतल्या दाराशी तांदूळ निवडत बसलेली. बहिणीने तांब्या खाली ठेवला, पदर सारखा केला आणि मान वर न करता एवढंच म्हणाली, "दादा, माह्या भावाले सांगा, मी वाट पाहून राह्यली म्हना. पंचमीच्या आत ये म्हना."

सासूने तांदळावरून नजर वर केली, पण मोडता घातला नाही. म्हणजे घरचा होकार होता. मी 'सांगतो' म्हणालो. तिने गुळाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि आत गेली.

आमच्याकडे लेक आपली आपण माहेरी जात नाही. माहेरचं कोणीतरी मुऱ्हाळी होऊन न्यायला यावं लागतं. पहिलं बाळंतपण तर माहेरीच. आणि आठवा लागला की पोटुशीला गाडीत बसवत नाहीत. पंचमीच्या आत का, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सांगायचं फक्त मला होतं.

सोमवारी शाळेत गेलो तर मास्तर नव्हते. सासरे आजारी म्हणून शनिवारीच चिखलीला गेलेले, बुधवार-गुरुवारी येतील असं कळलं. आणि त्याच आठवड्यात डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येणार होते. माझी धांदल उडाली. निरोप विसरू नये म्हणून लोक उपरण्याला गाठ मारतात. मी इंग्रजीचा मास्तर, मी तो फळ्यावर लिहिला. शी टोल्ड मी टु टेल हर ब्रदर दॅट शी वॉज वेटिंग फॉर हिम. तिने मला तिच्या भावाला सांगायला सांगितलं, की ती त्याची वाट पाहत आहे. खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर मी मागे सरकून ते पाहिलं आणि मला ते फार आवडलं. एका सांगण्याच्या पोटात दुसरं सांगणं. असं वाक्य पुस्तकात शोधून मिळालं नसतं.

आठवडाभर पोरांनी ते म्हटलं. सकाळी म्हटलं, सुट्टीनंतर म्हटलं, एकेकट्याने उभं राहून म्हटलं. शुक्रवारी डेप्युटीसाहेबांनी ते फळ्यावर वाचलं, मागच्या बाकावरच्या पोराला उठवलं, त्याने ते न चुकता सांगितलं आणि साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. शेरेबुकात चार ओळी चांगल्या आल्या. मास्तर गुरुवारीच परत आले होते. साहेब गेल्यावर त्यांनीच मला चहा पाजला.

मी त्यांना निरोप सांगितला नाही.

विसरलो असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. विसरलेलं माणसाला कधीतरी टोचतं. मला काहीच टोचलं नाही. इतक्या वेळा ते तोंडातून गेलं होतं, इतक्या तोंडांतून ऐकलं होतं, की माझ्या मनाने ते काम उरकल्याच्या खात्यात टाकून दिलं. एवढंच नाही. मी मास्तरांना तट्ट्याजवळ उभं राहून निरोप सांगितला आणि त्यांनी 'बरं' म्हटलं, असं मला आठवतही होतं. आजही ती आठवण डोळ्यांपुढे येते. त्यांच्या हातात खडू आहे, बोटं पांढरी झाली आहेत. हे कधी घडलंच नाही.

पंचमी आली आणि गेली. पोळा झाला. त्या दोन महिन्यांत माझं बीबीला जाणं झालं नाही. भाद्रपदात एका सकाळी दुसरबीडचा माणूस शाळेच्या दाराशी आला आणि मास्तर पोरांना तसंच सोडून त्याच्याबरोबर निघून गेले. दुपारी गावात बातमी पसरली. बाळ, बाळंतीण दोघंही गेली. सासरी सुईण होती, पण तिला काही करता आलं नाही. त्या दिवशी मी मनातल्या मनात मास्तरांवर जळफळलो. बहिणीने निरोप धाडला, मी तो पोचवला, आणि हा माणूस न्यायला गेला नाही. काळीज आहे की दगड, असं मी माझ्या बायकोला बोलूनही दाखवलं.

बाराव्या-तेराव्या दिवशी मास्तर शाळेत आले. मधल्या सुट्टीत आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. चहा निवून गेला. मग ते आपण होऊन बोलले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वैशाखात ते बहिणीला आणायला गेले होते. लग्नातला कुठलातरी मानपानाचा सल काढून तिच्या सासऱ्याने चार माणसांत त्यांना परत पाठवलं. आम्ही निरोप धाडू तेव्हा या, तोवर पायरी चढायची नाही, असं बजावलं. तेव्हापासून दर मोटारीला ते स्टँडवर जाऊन उभे राहत. कोणी दुसरबीडचं उतरतं का, काही सांगतं का, ते बघायला.

"एक निरोप नाही धाडला तिनं," ते म्हणाले. "मी तसाच माघारी आलो त्याचाच राग धरला. रुसूनच गेली माह्यावर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात खडू नव्हता, बोटं स्वच्छ होती. त्यांना निरोप सांगितल्याची माझी आठवण तिथल्या तिथे गळून पडली, आणि तिच्या जागी काहीच नव्हतं. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. माझ्या वर्गात हुशार पोराने जुनी वाक्यं सुरू करून दिली आणि चाळीस पोरांनी आवाज लावला. शी टोल्ड मी टु टेल हर ब्रदर.

"चला, तुमची बोंब सुरू झाली," मास्तर म्हणाले. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि तट्ट्यापलीकडे गेले.

मी उठून वर्गात गेलो. पोरांना गप्प केलं नाही. गप्प का करतो, हे काय सांगणार होतो? ती म्हणत राहिली, मी टेबलाचा कोपरा धरून उभा राहिलो. पलीकडे ते वही तपासत बसले असणार, आणि त्यांच्या बहिणीचा निरोप त्यांच्या कानांवर आदळत होता. आषाढापासून आदळत होता. त्यांना तो कळत नव्हता इतकंच.

उद्या सांगू, असं मी त्या दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप होता. मग त्यांच्या घरी पाहुणे होते. मग दिवाळीची सुट्टी लागली. मी भित्रा आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला त्यांच्या रागाची भीती नव्हती. ते मला काहीच बोलणार नाहीत, याची होती. आणि एकदा महिना गेला, वर्ष गेलं, की सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? बहीण रुसून गेली असं ते धरून बसले होते. भावाला निरोप मिळाला आणि तरी तो आला नाही, असं धरून ती गेली होती. दोघांच्या मध्ये खरं ठाऊक असलेला मी एकटा होतो आणि रोज त्यातल्या एकाबरोबर चहा पीत होतो.

ते वाक्य मी फळ्यावर पुन्हा कधी लिहिलं नाही. पुस्तकातल्या राजाला आणि माळ्याला परत आणलं. खिशातली वही चुलीत घातली. पण पुढच्या वर्षी नॅरेशनचा धडा सुरू केला आणि तिसऱ्या दिवशी मी वर्गात शिरतो तो पोरं तेच म्हणत होती. कुठून आणलं, विचारलं, तर थोरल्या भावाची वही. डेप्युटीसाहेबांनी वाखाणलेलं वाक्य, परीक्षेला येणारच, असं गावभर झालं होतं. मी रागावलो, वह्या जप्त केल्या, पुढल्या साली दुसऱ्या वह्या निघाल्या. दरवर्षी आषाढात ते वाक्य आपलं आपण वर्गात येऊन बसायचं. एकदा जालन्याला जाताना नाक्यावर माझा जुना विद्यार्थी कारकुनाच्या खुर्चीत भेटला. मास्तर, अजून सगळं पाठ आहे, म्हणाला आणि मोटारीतल्या लोकांसमोर खणखणीत म्हणून दाखवलं. मी त्याला शाबासकी दिली.

वर्गात फळ्याकडे तोंड केलं की माझ्या पाठीमागे कोणीतरी तांब्या खाली ठेवल्याचा आवाज व्हायचा. दरवेळी नाही, पण वर्षातून दोन-चारदा तरी. मी वळायचो, तर पोरं खाली मान घालून लिहीत असायची. दुसरबीडला मोटार थांबली की मी उतरत नसे. घसा कोरडा पडला तरी सिंदखेडपर्यंत तसाच बसून राहायचो. ते घर उजव्या हाताला यायचं, म्हणून मी डावीकडची जागा धरायचो. तरी ओसरी दिसायची. आता या गोष्टी लिहिताना हसू येतं म्हणावं, तर येत नाही.

मास्तर पेन्शनीत गेले. मलाही तोवर चाळिशीचा चष्मा लागला होता, पोरं मला आडून म्हातारा म्हणत. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून निघून मुंबईकडे जाणार, अशा गप्पा सुरू झाल्या होत्या. वखार पाडून शाळेला विटांच्या भिंती आल्या आणि तट्टे जळणात गेले. मी अधूनमधून मास्तरांकडे जात असे. ते ओट्यावर बसलेले असत, डोक्यावर टोपी, पायांवर घोंगडी. कानाने कमी ऐकू यायचं, पण जुन्या गोष्टी खडान् खडा लक्षात होत्या.

एका दुपारी शाळेच्या गोष्टी निघाल्या. भिंती झाल्यापासून मजा गेली, असं ते म्हणाले. तुमच्या पोरांनी माझे कान किटवले, पण आता ती बोंब आठवते. मग थोडं पुढे वाकून, हसत, त्यांनी डोळे मिटले आणि पोरांच्या त्याच सुरात, मान हलवत म्हटलं, "शिटोल्ड मी टुटेल हर ब्रदर, द्याट शीवाज वेटिंग फारहिम."

एक अक्षर गळलं नव्हतं.

"बाकी सगळं इंग्रजी इकडून तिकडं गेलं. हे एवढं राह्यलं," ते म्हणाले. "त्याच्यात भाऊ हाये एवढं कळते मले. कोणाचा भाऊ, ते काही समजलं नाही. तुम्हाले विचारीन विचारीन म्हणता राहून गेलं."

मी आजूबाजूला पाहिलं. घरातली माणसं शेतावर होती. उठून जावं असं एकदा वाटलं. मग मी त्यांच्या बऱ्या कानाजवळ सरकलो आणि म्हणालो, "तो भाऊ तुम्ही आहात."

मग सगळं सांगितलं. ओसरी, तांब्या, तांदूळ निवडणारी सासू, चिखली, फळा, डेप्युटीसाहेब. स्वतःला वाचवणारं काही मध्ये घातलं नाही, घालण्यासारखं काही नव्हतंच. सांगताना मला रडू फुटलं. ते ओट्याच्या कडेकडे बघत ऐकत होते. माझं सांगून संपलं. मग म्हणाले, "तिचं बोलणं सांगा. इंग्रजी नको. तिनं जसं म्हटलं तसं."

मी सांगितलं. "दादा, माह्या भावाले सांगा, मी वाट पाहून राह्यली म्हना. पंचमीच्या आत ये म्हना."

त्यांचे ओठ माझ्यामागून हलत होते. पुन्हा एकदा सांगा म्हणाले, मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे रुसली नव्हती," ते म्हणाले.

मी नाही म्हणालो. त्यापुढचंही त्यांच्या ध्यानात येताना मला दिसलं, पंचमीपर्यंतचा एकेक दिवस ती दाराकडे बघत राहिली असेल ते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मी म्हटलं, मला शिव्या घाला, हाकलून द्या. त्यांना ऐकू गेलं नाही, की त्यांनी ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. त्यांनी टोपी काढून झटकली, दोन्ही हातांनी पुन्हा नीट बसवली, पायांवरची घोंगडी बाजूला केली, आणि गावाला निघालेल्या माणसासारखे पाय ओट्याखाली सोडले.

"सांगा तिले," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "निघालो म्हना."

"सांगतो," मी म्हणालो.